इस्तंबूलमध्ये फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्तंबूलला निघालेली मंडळी जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक प्रश्न कॅमेऱ्याबद्दल असतात आणि त्यांची बहुतेक उत्तरं किनाऱ्याबद्दल. शहर दोन खंडांत पसरलं आहे. मधून बोस्फरसची सामुद्रधुनी जाते आणि युरोपच्या बाजूला गोल्डन हॉर्नची खाडी आत शिरते. त्यामुळे इथल्या कुठल्याही मोठ्या इमारतीचा चांगला फोटो बहुधा पाण्याच्या पलीकडून मिळतो. सूर्य कुठे आहे आणि आपण कुठल्या काठावर उभे आहोत, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

१. नुसता मोबाइल नेला तर चालेल का?

चालेल. गल्ल्या, मशिदींचे अंतर्भाग, खाणं, घरची माणसं यांना मोबाइल पुरतो. तीन ठिकाणी मात्र तो कमी पडतो: पलीकडच्या काठावरचे मिनार जवळ ओढायला, फेरीमागे (प्रवासी बोटीमागे) उडणारे समुद्रपक्षी टिपायला आणि येरेबातानच्या जमिनीखालच्या टाक्यासारख्या अंधाऱ्या जागी (प्रश्न ९). ही तिन्ही तुमच्या यादीत नसतील तर कॅमेरा घरी ठेवा आणि खांदा वाचवा. शहर चढउतारांचं आहे, दोन किलोचं ओझं तिसऱ्या चढावर कळतं.

मोबाइलवाल्यांनी एक सवय लावून घ्यावी. फेरीतून उतरल्यावर लेन्स सुती कापडाने पुसायची. समुद्राच्या वाऱ्याने काचेवर खारट थर बसतो आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं. लोक त्याला ‘नाइट मोड बिघडला’ म्हणतात, पण बिघडलेलं काही नसतं.

२. एकच लेन्स न्यायची असेल तर कोणती?

फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४-१०५ मिमी, एपीएस-सीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६-८० किंवा १८-१३५. जास्तीची एखादी नेता येत असेल तर ती लांब पल्ल्याची न्या, ७०-२०० किंवा ७०-३००. नवख्यांचा कल रुंद लेन्सकडे असतो, कारण घुमट मोठे आहेत. पण रुंद लेन्सचं काम मोबाइलचा ०.५ एक्स कॅमेरा बऱ्यापैकी करतो. सालाजाकच्या काठावरून (प्रश्न ५) अडीच किलोमीटरवरचे मिनार मोबाइल देऊ शकत नाही.

३. कुठल्या महिन्यात जावं? उजेड किती वाजता मिळतो?

तुर्कस्तानने २०१६ पासून घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं. वर्षभर भारताच्या अडीच तास मागे, हे गणित कायम. त्याचा परिणाम असा की हिवाळ्यात सूर्योदय फार उशिरा होतो. वेळा साधारण अशा:

मेच्या मध्यात सूर्योदय पावणेसहाला, सूर्यास्त सव्वाआठला.
जूनच्या अखेरीस साडेपाच आणि रात्रीचे पावणेनऊच्या जरा आधी.
नोव्हेंबरच्या सुरुवातीला सकाळी साडेसात आणि संध्याकाळी सहा.
डिसेंबरच्या अखेरीस सकाळी जवळजवळ साडेआठ आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत.

आपल्याकडची कुटुंबं एकतर मेच्या सुट्टीत जातात नाहीतर दिवाळीत. मे महिन्यात पहाटेचे दोन तास तुमचे असतात, टूरची बस निघण्याआधी. संध्याकाळचा सोनेरी उजेड मात्र नेमका जेवणाच्या वेळेत येतो आणि टूरवाले तेव्हा तुम्हाला हॉटेलात बसवतात. दिवाळीच्या सुमारास उलटं होतं. सूर्योदय नाश्त्याच्या वेळेला आणि सूर्यास्त सहाला, म्हणजे दोन्ही हाताशी. फक्त फोटोंसाठी जायचं असेल तर आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणू. ट्युलिप हवे असतील तर एप्रिल. एमिर्गान उद्यानात त्या महिन्यात ताटवेच्या ताटवे फुललेले असतात.

आणखी एक. सूर्य मावळला की मुंबईत जूनमध्ये साधारण २४ मिनिटांत कामाचा उजेड संपतो. इस्तंबूल ४१ अंश उत्तरेला असल्यामुळे तिथे तो ३३ मिनिटं टिकतो. मिनारांवरचे दिवे याच वेळात लागतात आणि आकाश अजून निळं असतं. बहुतेक पर्यटक सूर्य बुडाला की पाठ फिरवतात. थांबा.

४. टूरमध्ये दोनच मोकळ्या संध्याकाळी आहेत. कुठे उभं राहू?

एक संध्याकाळ सालाजाकला (प्रश्न ५), दुसरी काराकोयच्या बाजूने गलाता पुलापाशी. गलाता पुलावर वरच्या मजल्यावर मासे धरणाऱ्यांची रांग असते, खालच्या मजल्यावर खाणावळी. काराकोयच्या टोकाला उभं राहून पलीकडे पाहिलं की टेकडीवर सुलेमानिये मशीद दिसते, वास्तुकार मिमार सिनानने १५५७ साली पूर्ण केलेली. हिवाळ्यात सूर्य तिच्या अगदी जवळ मावळतो. उन्हाळ्यात तो उजवीकडे, खाडीच्या आतल्या टोकाकडे सरकतो. मग मशीद काळ्या आकृतीसारखी न दिसता बाजूच्या उजेडात येते. दोन्ही चांगलं, फक्त कुठलं मिळणार हे आधी माहीत असू द्या. गळांच्या काठ्या चौकटीत आडव्या येतात म्हणून वैतागू नका, त्या घ्याच. दहा-बारा काठ्यांच्या मधून मिनार दिसणं हेच त्या पुलाचं वैशिष्ट्य आहे.

गलाता मनोऱ्याचा (१३४८) फोटो हवा असेल तर मनोऱ्यावर चढून तो मिळत नाही, हे उघड असूनही रांगेत तास घालवणारे कमी नाहीत. तो एमिनोन्यूच्या धक्क्यावरून घ्या. संध्याकाळचं ऊन त्यावर डावीकडून पडतं.

दुपारचा रिकामा तास मिळाला तर सुलेमानियेच्या मागच्या गच्चीवर जा. तिथून खाडी, गलाता आणि लांबवर बोस्फरस दिसतो आणि ऊन तुमच्या पाठीशी असतं.

५. किझ कुलेसीच्या मागे सूर्य मावळतानाचा फोटो कसा मिळतो? आम्ही गेलो तेव्हा सूर्य भलतीकडेच होता.

आशियाच्या बाजूला, उस्क्युदारजवळ सालाजाकच्या काठापासून साधारण दोनशे मीटरवर पाण्यात हा छोटा मनोरा आहे. त्याच्या मागे जुन्या शहराची रांग दिसते. सूर्य कुठे मावळणार हे महिन्यावर ठरतं:

नोव्हेंबरच्या मध्यात आणि जानेवारीच्या शेवटी हाया सोफियाच्या दिशेला,
मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरच्या शेवटी सुलेमानियेच्या दिशेला,
एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गलाता मनोऱ्याच्या दिशेला,
मे ते जुलै त्याच्याही उजवीकडे, जिथे मागे नव्या इमारती आहेत.

आता गंमत अशी की किझ कुलेसी जवळ आहे आणि मागची रांग लांब. काठावरून शंभर मीटर चाललात तर मनोरा आकाशाच्या पार्श्वभूमीवर पंचवीसेक अंश सरकतो, मिनार जेमतेम दोन. म्हणजे सूर्य मनोऱ्याला चिकटवणं वर्षभर जमतं, त्यासाठी फक्त चालावं लागतं. पण मागे कोण येणार हे महिनाच ठरवतो. मे महिन्यात गेलेल्यांना पोस्टकार्डासारखा फोटो मिळत नाही तो याचमुळे, त्यात त्यांची चूक नसते.

किती पुढे सरकायचं हे सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी ठरवा. काठावरच्या पायऱ्यांवर उशा टाकून चहा पिणाऱ्यांची गर्दी असते, ऐन वेळी हलायला जागा मिळत नाही. उघडीप (एक्स्पोजर) मोजताना सूर्याच्या बाजूच्या आकाशावर मोजा आणि एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड, ठेवा. सूर्य पूर्ण बुडाल्यावर मनोऱ्याचे दिवे लागतात, तेव्हाचा फोटो अनेकदा जास्त चांगला येतो.

६. फेरीवरून काढलेले सगळे फोटो हललेले येतात. काय चुकतं?

इंजिनाची थरथर. कठड्यावर कोपर टेकवला की हात स्थिर होतो असं वाटतं, प्रत्यक्षात कठडाच थरथरत असतो आणि ती थरथर कॅमेऱ्यात जाते. कोपर अंगाशी, पाय जरा फाकवून, गुडघे सैल, असं उभं राहा. शटर १/५०० च्या खाली नेऊ नका. पक्ष्यांसाठी १/२०००. लेन्स २४ ते ३५ मिमी पुरते, कारण लोक सिमितचे (तिळाच्या कडक कड्यासारख्या पावाचे) तुकडे फेकतात आणि पक्षी हाताच्या अंतरावर येतात. तुकडा दुसऱ्याला फेकायला सांगा, तुम्ही पक्षी जिथे येऊन घिरट्या घालतो ती जागा धरून ठेवा.

बसायची बाजूही ठरवा. आशियाच्या बाजूच्या कादिकोयहून एमिनोन्यू किंवा काराकोयला येताना डावी बाजू. सारायबुर्नुचं टोक वळताना तोपकापी राजवाडा, हाया सोफिया, निळी मशीद असं सगळं डावीकडून सरकत जातं. सूर्यास्ताआधी वीस मिनिटं सुटणारी फेरी पकडा. साध्या सार्वजनिक फेरीचं तिकीट इस्तंबूलकार्डवर निघतं, त्यासाठी पर्यटकांच्या महागड्या बोटीची गरज नाही. आमचं स्पष्ट मत असं की या शहरात फोटोंवर खर्च केलेला सगळ्यात सत्कारणी लागणारा पैसा म्हणजे ही फेरी. दक्षिणेचा लोदोस वारा जोरात सुटला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून शेवटच्या संध्याकाळवर हे ढकलू नका.

७. हाया सोफियात आत फोटो काढू देतात का? खाली जाता येतं का?

फोटो काढू देतात, फ्लॅश आणि ट्रायपॉड नाही. २०२० साली ती पुन्हा मशीद झाली. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरोचं तिकीट काढून वरच्या सज्ज्यात जाता येतं. खालचा मजला नमाजासाठी आहे. जुन्या फोटोंत दिसतो तसा घुमटाखाली मधोमध उभं राहून वर बघणारा फोटो आता मिळत नाही, त्याची आशा धरून जाऊ नका.

सज्ज्याचा फायदा वेगळा आहे. भिंतींवरच्या साडेसात मीटर व्यासाच्या गोल तबकड्या, सुलेखन असलेल्या, तुमच्या डोळ्यांच्या जवळपास पातळीवर येतात. घुमट ५५ मीटरच्या वर आहे, त्यामुळे तबकडी, झुंबरं आणि घुमटाचा काठ एकत्र घ्यायला १६ ते २० मिमी लागते. मोबाइलचा ०.५ एक्स इथे कामी येतो. कॅमेरा वर झुकवला की खांब आत कलतात. तो शक्यतो सरळ धरा आणि नको असलेला खालचा भाग नंतर कापा.

दक्षिणेच्या सज्ज्यात देइसिसचं (मधे येशू, बाजूंना मारिया आणि योहान) मोझॅक आहे. खालचा मोठा भाग गळून गेलेला, पण चेहरे शाबूत. बाजूच्या खिडकीतून त्यावर उजेड येतो. समोरून फोटो घेतला तर सोनेरी तुकडे सपाट दिसतात. दोन पावलं बाजूला व्हा, कोन बदलला की एकेक तुकडा वेगळा चमकतो. ते तुकडे मुद्दामच किंचित तिरके बसवलेले आहेत.

घुमटाच्या दुरुस्तीचा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाला आहे. जायच्या आठवड्यातले लोकांनी काढलेले फोटो बघून मगच तिकिटाचा निर्णय घ्या, कारण सांगाडा चौकटीत आला तर टाळता येत नाही.

८. बाकीच्या मशिदींत काय पाळायचं?

बूट काढून पिशवीत, खांदे-गुडघे झाकलेले, बायकांचं डोकं ओढणीने झाकलेलं. एक सुती ओढणी सॅकमध्ये कायम ठेवा. नमाजाच्या वेळेला पर्यटकांना बाहेर थांबवतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजामुळे निळी मशीद अडीचच्या सुमारासच उघडते, त्या दिवशी सकाळ दुसरीकडे घालवा. नमाज पढणाऱ्यांच्या समोर जाऊन फोटो घेऊ नका. मागच्या भागातून, शटरचा आवाज बंद करून, गालिच्याच्या रेषा आणि दिव्यांची वर्तुळं घेता येतात. रमजानात गेलात तर मिनारांच्या मधे दिव्यांनी लिहिलेली वाक्यं लटकवतात, त्याला माह्या म्हणतात. ती बाहेरूनच, रात्री.

९. येरेबातानच्या टाक्यात फोटो काळे येतात, नाहीतर लाल. काय करायचं?

सम्राट जस्टिनियनच्या काळातलं, ५३२ सालाच्या सुमाराचं जमिनीखालचं पाण्याचं टाकं, ३३६ खांबांचं. २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर उघडलं तेव्हापासून आत बदलत्या रंगांचे दिवे आहेत. लालवरून हिरवा, मग पांढरट-पिवळा, असं चक्र चालतं. एका जागी उभं राहून पूर्ण चक्र बघा आणि पांढरट टप्प्यात फोटो घ्या. लाल प्रकाशात काढलेला फोटो नंतर कितीही ‘सुधारला’ तरी त्यात बाकीचे रंग नसतातच, ते येणार कुठून?

उघडीप: आयएसओ ३२००, एफ २.८ किंवा ४, शटर १/१५ ते १/३०. इथे कठड्यावर टेकायला हरकत नाही, पण पायवाटा लोखंडी आहेत आणि शेजारून घोळका गेला की थरथरतात. घोळका जाऊ द्या. खाली पाणी उथळ आहे, कॅमेरा कमरेच्याही खाली आणला की खांबांची प्रतिबिंबं पूर्ण मिळतात. हिवाळ्यात बाहेरच्या थंडीतून आत आलात तर काचेवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटांत आपोआप जातं. मेदुसाची (ग्रीक पुराणातल्या, केसांच्या जागी साप असलेल्या बाईची) दोन दगडी डोकी अगदी आतल्या टोकाला आहेत, एक उलटं, एक आडवं. तिथे रांग लागते, म्हणून आधी थेट तिकडे जा आणि बाकीचं परतताना बघा.

१०. ट्रायपॉड न्यावा का?

मशिदी, राजवाडे, संग्रहालयं, टाकं: कुठेही नाही. धक्क्यावर, पुलावर, सालाजाकला कोणी हरकत घेत नाही. फक्त दोन संध्याकाळच्या फोटोंसाठी दीड किलो न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मूठभर राजगिरा किंवा तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा ठेवला तर जमिनीवरच्या बहुतेक ठिकाणी काम होतं. फेरीवर नाही, कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

११. ग्रँड बाजारातल्या काचेच्या दिव्यांचे फोटो काढताना आडवे पट्टे येतात.

तिथला वीजपुरवठा आपल्यासारखाच ५० हर्ट्झचा आहे, एलईडी त्या लयीत लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरा. पट्टे जातात. दिव्यांचे रंग पांढरे पडत असतील तर उघडीप एक ते दीड स्टॉप कमी करा. आजूबाजूचं अंधारलं तरी चालेल, फोटो दिव्यांचा आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ३२०० ते ३५०० केल्विनला बांधा, नाहीतर प्रत्येक फोटोत दुकानाचा रंग वेगळा.

रविवारी ग्रँड बाजार बंद असतो. मसाल्यांचा बाजार मात्र उघडा. काही दिव्यांच्या दुकानांत फोटोला मनाईच्या पाट्या असतात, त्या पाळा. दिवसभर दारात उभं राहून फोटो काढणारे आणि काही न घेणारे, याचा कंटाळा कुणालाही येईल.

१२. अनोळखी लोकांचे फोटो काढायला परवानगी मागायची कशी?

‘फोतोराफ चेकेबिलिर मियिम?’ म्हणजे ‘फोटो काढू का?’ पण त्याच्या आधी काम करणाऱ्या माणसाला ‘कोलाय गेल्सिन’ म्हणा. ‘काम सोपं जावो’ असा त्याचा अर्थ. तांबट, चांभार, मासेवाला, कुणीही हातातलं काम न थांबवता मान वर करतो, आणि नेमका तोच क्षण हवा असतो. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय नकोत. बालातच्या रंगीत घरांसमोर कपडे वाळत घातलेले असतात, ते कुणाचं तरी घर आहे, उंबऱ्यावर चढून पोज देऊ नका. तिथल्या रहिवाशांच्या कपाळावर आठ्या आधीच पुरेशा आहेत.

एक सावधगिरी. बूटपॉलिशवाला पुढे चालताना त्याचा ब्रश खाली पडतो, तुम्ही उचलून देता, तो आभार मानून तुमचे बूट पुसू लागतो आणि शेवटी भरमसाट पैसे मागतो. कॅमेरा गळ्यात असलेला माणूस थांबतोच हे त्याला ठाऊक असतं. ब्रश पडू द्या.

१३. ड्रोन नेता येईल का?

नेऊ नका. ५०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनची नोंदणी तुर्कस्तानच्या नागरी विमान वाहतूक विभागाकडे करावी लागते आणि परदेशी व्यक्तीला परवानगीचे सोपस्कार आधीपासून करावे लागतात. जुन्या शहरावर गर्दी, मशिदी, सरकारी इमारती आणि पाण्यावरची वाहतूक असल्यामुळे हलक्या ड्रोननेही अडचण ओढवते. याच सहलीत इजिप्त किंवा मोरोक्को जोडलं असेल तर आणखी पंचाईत. तिथे ड्रोन विमानतळावरच जप्त होऊ शकतो.

१४. आणखी कुठे मनाई आहे?

लष्करी जागा, पोलीस, तपासणी नाके. तोपकापीतली पवित्र अवशेषांची दालनं आणि दोल्माबाहचे राजवाड्याचा अंतर्भाग. तोपकापी मंगळवारी बंद असतो, दोल्माबाहचे सोमवारी. रखवालदाराने ‘यासाक’ म्हटलं की वाद घालू नका, त्याचा अर्थ मनाई.

१५. बॅटऱ्या, पॉवर बँक आणि चार्जर यांचं काय?

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच. चेक-इन बॅगेत सापडल्या तर बॅग उघडतात. मर्यादा १०० वॅट-तास. हिशेब सोपा आहे: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, २७,००० ची जवळजवळ १०० ची. अंगावरचा छापलेला आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडवतात, अशी जुनी पॉवर बँक नेऊच नका. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

तिथला दाब आपल्यासारखाच आहे. आपली बारीक दोन पिनांची पिन थेट बसते, तीन पिनांची बसत नाही. एक अडॅप्टर आणि घरचा तीन-चार तोंडांचा एक्स्टेंशन बोर्ड नेला की चौघांचं चार्जिंग होतं.

१६. महागडा कॅमेरा परत आणताना भारतात कस्टम्सवाले अडवतील का?

विमानतळावर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. कॅमेरा आणि लेन्सचे सिरियल नंबर, बिलाची प्रत आणि पासपोर्ट लागतो. वस्तू अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून ती चेक-इन बॅगेत टाकण्याआधी हे करा. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. बिल हरवलं असेल तर निदान सिरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. पाच वर्षं वापरलेल्या साध्या कॅमेऱ्यासाठी एवढं कोणी करत नाही, नव्या कोऱ्या बॉडीसाठी मात्र करावं.

१७. घरी आल्यावर मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केले की क्रम बिघडतो.

मोबाइलचं घड्याळ आपोआप बदललं, कॅमेऱ्याचं भारतीय वेळेवरच राहिलं. पहिल्या सकाळी कॅमेऱ्याचं घड्याळ अडीच तास मागे करा, किंवा ‘वर्ल्ड टाइम’मध्ये इस्तंबूल निवडा. विसरलात तरी काही बिघडत नाही. बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोटोंची वेळ एकदम अडीच तास मागे नेता येते. फक्त ते फोटो मिसळण्याआधी करा.

१८. फोटोंची दुसरी प्रत कशी ठेवावी?

रोज रात्री कार्डावरून छोट्या एसएसडीवर, आणि कार्ड पुसायचं नाही. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल सुमारे २५ ते ३० एमबीची, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दोन हजारांच्या आसपास फोटो. दोन-तीन कार्डं स्वस्त पडतात. कार्ड आणि एसएसडी एकाच बॅगेत ठेवणारे खूप असतात. बॅग गेली की दोन्ही प्रती जातात.

१९. घरच्यांचे फोटो आणि शहराचे फोटो, दोन्ही एकत्र कसे जमवायचे?

माणसांना इमारतीला चिकटवून उभं करू नका. इमारत लांब राहू द्या, माणसं कॅमेऱ्यापासून तीन-चार मीटरवर, आणि लेन्स ५० ते ८५ मिमी. मागचा मिनार मोठा होतो, चेहरेही दिसतात. दुपारी बारा ते तीन चेहऱ्यांवर सावल्या पडतात, त्या वेळी मशिदीच्या कमानींच्या सावलीत उभं करा. आजी-आजोबांना चढावर पळवण्यापेक्षा त्यांना चहाच्या टेबलाशी बसवून काढलेला फोटो घरात जास्त वर्षं भिंतीवर राहतो.

२०. आमचे फोटो इंटरनेटवरच्या फोटोंसारखेच येतात. वेगळं काय करता येईल?

आधी जुने बघा. सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने साम्राज्याचे फोटो असलेले ५१ अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट दिले होते. ते फोटो आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात. त्यातला एखादा धक्का किंवा चौक निवडून त्याच जागी, त्याच कोनातून उभं राहा. आरा ग्युलर (१९२८-२०१८) हा शहराचा सगळ्यात नावाजलेला छायाचित्रकार, त्याचं संग्रहालय बोमोंतीत आहे. त्याच्या फोटोंत मशिदी मागे असतात, पुढे हमाल, नावाडी, धुकं.

मग एक छोटी अट घाला. एक दिवस फक्त हात. किंवा फक्त फेरीची माणसं, कादिकोय-एमिनोन्यू मार्गावर, जाऊन-येऊन. किंवा इस्तिक्लाल रस्त्यावरची जुनी लाल ट्राम, शटर १/२० ठेवून ट्रामसोबत कॅमेरा फिरवत. वीसपैकी दोन फोटो जमतात, पण ते तुमचे असतात.

२१. फोटोंबरोबर काही लिहून ठेवायचं असतं, पण घरी आल्यावर आठवत नाही.

त्याच रात्री पाच ओळी. इतिहास लिहू नका, तो कुठल्याही मार्गदर्शिकेत आहे. कॅमेऱ्यात न येणारं लिहा: वास, आवाज, किंमत, कोण काय म्हणालं, थंडी कुठून लागत होती. ‘फेरीत चहा प्यायलो’ याचा सहा महिन्यांनी उपयोग नाही. ‘कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, बशीत साखरेचे दोन चौकोन, इंजिनामुळे चमचा बशीत सतत किणकिणत होता’ हे वाचलं की फोटो पुन्हा उघडतो. लिहायचा आळस असेल तर मोबाइलवर एक मिनिट बोलून ठेवा.

दुसरी युक्ती: प्रत्येक जागी पहिला फोटो पाटीचा. नावं नंतर शोधावी लागत नाहीत. तुर्की पाट्यांत रोमन ‘सी’चा उच्चार ‘ज’ असतो, म्हणून मशिदीच्या पाटीवरचा शब्द ‘जामी’ असा वाचा. ‘इस्केले’ म्हणजे धक्का, ‘सोकाक’ म्हणजे गल्ली. द्युक्कान, मेयदान, हावा, द्युन्या हे तर तुम्हाला न सांगताच कळतील.

२२. पाऊस किंवा बर्फ पडलं तर?

पाऊस पडला की सुलतानअहमत चौकातली फरशी आरसा होते, उलट बाहेर पडा. कॅमेऱ्यावर हॉटेलातली शॉवर कॅप बसते. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा बंद झिपच्या पिशवीत ठेवूनच आत आणा आणि अर्धा तास पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमतं, सेन्सरवर नाही.

२३. फिल्मचा कॅमेरा नेणार आहे. एक्स-रेने फिल्म खराब होते का?

होऊ शकते, आणि इस्तंबूलमध्ये धोका जरा जास्त आहे. विमानतळाच्या इमारतीत शिरताना एकदा तपासणी, आत पुन्हा एकदा. शहरातले मॉल आणि काही मेट्रो स्थानकांच्या दारातही यंत्रं असतात. साध्या एक्स-रेतून ८०० आयएसओच्या खालची फिल्म दोन-तीनदा गेली तर बहुधा फरक पडत नाही, पण दर वेळचा परिणाम साठत जातो. नवी सीटी यंत्रं मात्र कमी आयएसओच्या फिल्मवरही धुकट डाग पाडतात. फिल्म डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा, रांगेत पुढे पोचण्याआधीच हाताने तपासायला सांगा, आणि चेक-इन बॅगेत तर अजिबात टाकू नका, तिथले किरण जास्त तीव्र असतात. कॅमेऱ्यात अर्धवट रोल असेल तर विमानतळाला निघण्याआधी तो संपवा. भरलेला कॅमेरा हाताने तपासायला अधिकारी सहसा तयार होत नाहीत.